मुकादमाची पेटी: पेठेतल्या घरात एकटा कोंबडा पाळायच्या नोंदी

२२ जून २०२५, रविवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो म्हणजे पुढं गोंधळ नको. घरात एक कोंबडा आहे, पांढरा लेगहॉर्न, नाव मुकादम. घर कोल्हापुरातल्या पेठेतलं, जुनं, अंगण नाही की परसू नाही, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्यात सामाईक. गच्चीवर ठेवावं तर बोकं टपलेली. म्हणजे कोंबडा घरातच राहणार, माणसांत. आणि परवापासून त्याला कंठ फुटायला लागलाय.

आला कसा तर भाचीनं चैत्रात जत्रेतून रंगीत पिल्लं आणलेली, गुलाबी, हिरवी, जांभळी. ही पिल्लं बहुतेक नरच असतात. अंड्यांच्या जातीच्या हॅचरीत मादी पिल्लं ठेवतात, नरांना किंमत शून्य, कारण ते अंडी देणार नाहीत आणि ब्रॉयलरसारखं अंगही धरणार नाहीत, मग रंगाच्या पाण्यात बुडवून जत्रेत दहा-वीस रुपयाला. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ डिग्री ऊब लागते आणि ती पिल्लं उघड्या टोपलीत, गाडीवर, वाऱ्यात फिरून आलेली, त्यामुळं बाकीची घरी आल्या आल्याच एकेक करून गेली. हा गुलाबी तेवढा साठच्या बल्बखाली तग धरून राहिला. मग पिसं बदलली, गुलाबी गेला, पांढरा निघाला आणि तुरा असा वाढला की आता एका डोळ्यावर कलतोय.

मुकादम नाव आईनं ठेवलं. कोण काय काम करतंय ते बघत मागं हिंडतो, स्वतः काही करत नाही म्हणून.

२ जुलै, बुधवार

आवाज अजून फाटका आहे, पण पहाटे चारच्या आसपास सुरू होतो. उजाडतं सहाला. म्हणजे उजेड बघून ओरडतोय ही समजूत सोडून द्यायची. जपानमधल्या नागोया विद्यापीठात २०१३ साली हे नीट तपासलंय, कोंबडे चोवीस तास मंद उजेडात ठेवले तरी रोज ठरल्या वेळेला आरवत राहिले, कारण घड्याळ अंगातच आहे. आणि नेहमीसारखा दिवस-रात्र उजेड दिला तेव्हाही उजाडायच्या दोनेक तास आधीच सुरू करत होते. बाहेरचा उजेड नाहीतर दुसऱ्या कोंबड्याची बांग यानं भर पडते, पण मूळ चावी आतली. त्याच लोकांनी नंतर असंही दाखवलं की कळपात सगळ्यात वरचा जो कोंबडा तो आधी आरवतो, खालचे त्याच्या मागून. आमच्यात वरचा आणि खालचा दोन्ही हाच, त्यामुळं वाट कुणाची बघायची नाही.

थोडक्यात नुसते जाड पडदे लावून भागणार नाही. आवाजच अडवायला पाहिजे.

४ जुलै, शुक्रवार

शेजारचे तात्या गल्लीत भेटले. म्हणाले, "काय रं, तुझं कोंबडं माझ्या घड्याळाच्या आधी उठतंय की." चिडून नाही म्हणाले, पण म्हणाले. पलीकडं वहिनींचं बाळ तान्हं आहे, त्या काही बोलत नाहीत ते जास्त टोचतंय.

दोघांनाही सांगितलं, महिनाभर द्या, काहीतरी करतो.

कायद्याचं बघायचं तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ ला ४५. मोठा कोंबडा जवळनं मोजला तर शंभरच्या वर जातो. बेल्जियममधल्या संशोधकांनी कोंबड्याच्या स्वतःच्या कानापाशी मोजलं तर १४० च्या वर भरलं, आणि त्यानं त्याला बहिरेपण का येत नाही तर आरवायला चोच पूर्ण उघडली की त्याचा कान आतनं आपोआप बंद होतो. त्याची सोय निसर्गानं केली, आमची मी करायची.

११ जुलै, शुक्रवार

आखाड. त्र्यंबोलीच्या यात्रा सुरू आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतनं पंचगंगेचं नवं पाणी घेऊन लोक टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीच्या टेकडीवर, निघतात, पुढं पी-ढबाक वाजतंय, डोक्यावर कळशा, आणि घरोघरी कोंबडं कापायचा बेत. असल्या दिवसांत खिडकीत एक धडधाकट पांढरा कोंबडा उभा बघून जाणारे येणारे थांबतात. "कधी आहे?" असं चार माणसांनी तरी विचारलं. मावशींनी तर थेट रस्सा तांबडा का पांढरा इथपर्यंत आणलं. आई म्हणाली, त्याचंच जेवण मी करते, त्याला कशाला जेवणात घालू.

काम काही झालं नाही. ठरलं एवढंच की आवाज बंद करायचा पट्टा वापरायचा नाही. गळ्याला आवळून बांधायचा पट्टा येतो, त्यानं हवा जोरानं बाहेर पडत नाही म्हणून आवाज दबतो. पण तोच पट्टा जरा घट्ट झाला नाहीतर चोच त्यात अडकली तर गुदमरतं, आणि वाढत्या वयाच्या पक्ष्याचा गळा दर आठवड्याला बदलतोय. ऑपरेशन करून आवाज काढायचा प्रकार तर विषयच नको.

२० जुलै, रविवार

रात्री मुकादमाला झोपवायची, आवाज अडवणारी पेटी झाली. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्येच केली, संध्याकाळचं काम संपल्यावर, पोरं हसत होती पण हात लावत होती.

आतनं दोन बाय दोन फूट, उंची अडीच. जुन्या लोकांची एक युक्ती आहे, छत इतकं खाली घ्यायचं की कोंबड्याला मान ताणताच येऊ नये, मान ताणली नाही तर पूर्ण बांग निघत नाही. ती मी घेतली नाही, त्याला ताठ उभं राहता आलं पाहिजे. बाहेरनं १८ एमएमचा प्लाय, आतनं १२ चा, मधल्या फटीत रबर शीट आणि आजीची फाटकी वाकळ. काचेची लोकर स्वस्त पडली असती पण तिचे तंतू पक्ष्याच्या फुप्फुसात नको. दाराला भंगारातनं आणलेलं फ्रिजचं गॅस्केट.

खरं डोकं हवेला लागलं. आवाज अडवायचा तर फट नको आणि जगायचं तर हवा पाहिजे, ही दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून हवेची वाट नागमोडी केली, आत यायला एक आणि बाहेर जायला एक, प्रत्येकात तीन वळणं, आतनं फोमचं अस्तर. हवा वळून जाते, आवाज वळणावर फोममध्ये मरतो. बाहेर जायच्या वाटेवर कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा १२० एमएम फॅन, अख्खी रात्र चालू.

आता लाईट गेली तर? पावसाळ्यात आमच्या इथं रात्री जातेच. बंद पेटी, फॅन बंद, आत जिवंत प्राणी, हे डोक्यात आल्यावर मी दोन दिवस काम थांबवलं. शेवटी दाराला कडी ठेवलीच नाही. इलेक्ट्रोमॅग्नेटनं दार धरून ठेवलंय आणि बिजागरीपाशी स्प्रिंग आहे जी दार बाहेर ढकलते. करंट आहे तोवर दार बंद, करंट गेला की स्प्रिंग दार उघडते. मॅग्नेट आणि फॅन दोन्ही राउटरच्या छोट्या यूपीएसवर, म्हणजे पाच-दहा मिनिटं लाईट गेली तर काही होत नाही, बॅटरी उतरली की मात्र दार उघडणारच. कोंबडा ओरडला तर तात्या उठतील, दार बंद राहिलं तर कोंबडा उठणार नाही, त्यामुळं यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

आत बसायला दोन बाय दोन इंची लाकडी दांडा, कडा गोल मारलेल्या. कोंबडा पोपटासारखा बारीक काठीला पंजा आवळून झोपत नाही, त्याला पाय सपाट ठेवायला रुंदी लागते, वरनं पोट टेकून बोटं झाकून घेतो.

२७ जुलै, रविवार

आठवडाभराचे आकडे, डेसिबलमध्ये. मोबाईलवरच्या अ‍ॅपनं मोजलेत, शंभरच्या आसपास मोबाईलचा माईक हात टेकतो त्यामुळं वरच्या आकड्यावर फार विश्वास नाही. पेटीबाहेर एक मीटरवर, दार उघडं: ९६-९८. दार बंद: ६५ च्या आसपास. मधल्या खोलीचं दार लावून तात्यांच्या भिंतीपाशी: ४२ ते ४४, त्यात पावसाचा आवाज पण आला.

आरवायची वेळ तीच, चार. पण वेळा कमी झाल्यात. अंधारात घड्याळ वाजतं, फक्त त्याच्यावर चढायला बाहेरचं काही मिळत नाही.

फॅन बंद ठेवून मी जागा राहून बघितलं, अर्ध्या तासात आतलं तापमान तीन डिग्रीनं चढलं. त्यांचं अंग मुळातच ४१-४२ डिग्री, घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं आणि तुऱ्यातनं उष्णता सोडणं एवढंच. म्हणजे फॅन ही चैन नाही.

३ ऑगस्ट, रविवार

गावात सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतायत, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि मी पेटीतला आर्द्रतेचा काटा बघतोय. खाली भाताचं तूस घातलंय ते या हवेत सुकतच नाही, आणि ओलं तूस अधिक शीट म्हणजे अमोनिया. नाक पेटीत घालून बघायचं, आपल्या डोळ्याला झोंबलं तर त्याच्या फुप्फुसाला कधीच झोंबलेलं असतं. आता रोज सकाळी दांड्याखालचं तेवढं उचलून टाकतो, बाकीचं दर रविवारी.

शीटचा विषय निघालाच आहे तर, घरात कोंबडा ठेवायचा विचार करणाऱ्यानं हे वाचावं. दिवसभरात कितीतरी वेळा होते. नेहमीची असते ती घट्ट, वर पांढरी टोपी, ती पांढरी म्हणजे लघवीच, युरिक अ‍ॅसिड. ही सुकली की खरवडून निघते. पण अधनंमधनं एक वेगळी येते, तपकिरी, चिकट, पातळ आणि वास असा की पाहुणे चहा खाली ठेवतात. हे हगवण नाही, आंधळ्या आतड्यातनं येते, रोजच येते आणि येणं चांगलं लक्षण आहे. भाचीनं ब्लाऊजपीसचं डायपर शिवून घातलं, मुकादम मागं मागं चालत भिंतीला जाऊन थडकला, मग ते काढलं. आता स्वयंपाकघर आणि सोप्यापुरती मुभा, तिथं फरशीवर बारदान टाकलंय. बारदान दोन कामं करतं, घाण धरतं आणि पाय धरतं, गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकत होते.

हात धुणं सक्तीचं, भाचीला विशेष. साल्मोनेला दिसत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

रात्रीचं सुटलं. आता दिवसाचं.

तात्यांची दिवसाची तक्रार नाही, पण मला स्वतःला कळत नव्हतं की काही दुपारी सलग आरवतो आणि काही दुपारी गप्प का. म्हणून आईला वहीत खुणा करायला सांगितल्या, कधी आरवला आणि तेव्हा घरात काय चाललं होतं. मला वाटलेलं बाहेरच्या हॉर्नला, नाहीतर उन्हाला. वहीत तसं काहीच निघालं नाही. आई दिसेनाशी झाली की आरवतो. वर कपडे वाळत घालायला गेली, आरवला. न्हाणीत गेली, आरवला. परत आली की गप्प, आणि मागं मागं कुकुक करत. एकटा म्हणजे त्याच्या हिशोबात एकटा नाहीच, आम्ही त्याचा कळप आणि कळपातलं माणूस नजरेआड झालं की तो हाक मारतोय.

मग नीट बसून बघितलं. आईनं भाकरीचा तुकडा टाकला, त्यानं चोचीत धरला, खाल्ला नाही, खाली टाकला, परत उचलला, परत टाकला, मान खालीवर करत घशातनं भराभर टुक-टुक-टुक-टुक, आणि नजर आईच्या पायाकडं. कोंबडा कोंबडीला दाणा दाखवून बोलावतो ते हेच. आईनं वाकून तुकड्याला बोट लावलं तेव्हा थांबला, आणि मग स्वतः खाल्ला. रोज हेच करतो म्हणे. "मला जेव म्हणतंय ते," आई म्हणाली, "या घरात दुसरं कोण म्हणतंय?" यावर मी काही बोललो नाही.

धोक्याच्या हाका पण दोन आहेत. खिडकीतनं वर घार दिसली की मान वाकडी करून एक डोळा आभाळाकडं लावतो आणि बारीक लांब ईईई काढून दबून बसतो, आवाज कुठनं येतोय ते आपल्यालाही कळत नाही. बोका दिसला की उभा राहून कुट-कुट-कुटाक, सगळ्या गल्लीला कळेल असा. कोंबड्यांवर झालेल्या जुन्या प्रयोगांत हेही दिसलंय की कोंबडा पूर्ण एकटा असला तर घारीची हाक फारशी देत नाही, ऐकायला कोणी असलं तरच देतो. आमचा देतो. म्हणजे आम्ही ऐकणाऱ्यात मोजले गेलोय.

आरसा लावून बघा असं पोल्ट्रीवाल्या मित्रानं सुचवलं, सोबत वाटेल म्हणून. लावला. मानेची पिसं पिंजारून आरशावर उड्या मारायला लागला, दुपारपर्यंत तुऱ्यातनं रक्त. काढला.

२४ ऑगस्ट, रविवार

उपाय साधा निघाला. त्याची दिवसाची बैठक हलवली, सोप्यातनं काढून स्वयंपाकघराच्या दारात, स्टुलावर, जिथनं न्हाणीचं दार आणि जिना दोन्ही दिसतात. दुपारचं आरवणं निम्म्याच्या खाली आलं.

शिवाय उद्योग दिला. घमेल्यात चाळलेली माती, वाळू आणि बंबातली राख, त्यात आडवा पडून पंखानं अंगावर उडवत अर्धा-अर्धा तास लोळतो. पिसांतलं तेल आणि उवा याच्यानंच जातात, पाण्यानं धुवायची गरज नाही. राख सगळीकडं उडते. मूठभर ज्वारी तुसात पसरून टाकायची, वाटीत द्यायची नाही, उकरून शोधण्यात तास जातो.

खाण्याचं इथंच लिहितो. पोटभरीला ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य. लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, द्यायचा नाही, त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ग्रोअरमध्ये टक्क्याच्या आसपास, आणि नराला ते बाहेर टाकायला वाट नाही, मूत्रपिंडावर येतं. वरनं मेथी, कोबी, शिजलेला भात. कच्चा राजमा, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट नाही. चिवडा नाही, मीठ त्याला सोसत नाही, पाहुण्यांना हे दरवेळी सांगायला लागतं. दाणे खातो आणि बाहेर उकरत नाही म्हणून बारीक खडे वाटीत वेगळे, दात नाहीत, दळण पोटात होतं. आणि स्वयंपाकघरात नॉनस्टिक बंद. ते जास्त तापलं की निघणारा धूर आपल्याला जाणवतही नाही पण पक्षी मिनिटांत मरतो. आईचा बिडाचा तवा आहेच, तिला काही फरक पडला नाही.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन मिरवणूक काल सकाळी सुरू झाली ती आजही चालू आहे. डॉल्बीनं खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मुकादमाला रात्री पेटीत घातला, आणि यावेळी पेटी उलट्या बाजूनं कामाला आली, बाहेरचा आवाज आत जाईना. जाड ठोका मात्र जातो, तो प्लायनं अडत नाही, पेटीखाली रबराचे पॅड टाकल्यावर दांड्यावर शांत बसला. पहाटे चारला नेहमीसारखा आरवला. रस्त्यावरच्या कुणाला ऐकू गेला नसणार.

तात्यांना म्हटलं, माझं कोंबडं बरं की हे? तात्या म्हणाले, "हे वर्षातनं एकदा हाय." बरोबर आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

पहाटे लाईट गेली, यूपीएस उतरला, मॅग्नेट सुटला, दार उघडलं. ठरल्याप्रमाणं. मुकादम पेटीतनं बाहेर येऊन अंधारात सोप्यात उभा राहून पूर्ण ताकदीनं. मी उठून आत घेईपर्यंत तात्यांच्या घरात हालचाल ऐकू आली. सकाळी म्हणाले, "लाईट गेलेली न्हवं? कळलं मला."

मोठी बॅटरी घालायची का याचा विचार केला, यूपीएस तेवढा दुप्पट क्षमतेचा घेतला. दार उघडायची व्यवस्था तशीच.

१२ ऑक्टोबर, रविवार

पायाचे काटे आता बोराच्या बीएवढे झालेत. आत हाड आणि रक्त आहे, कापायचे नाहीत, टोक तेवढं कानसनं बोथट करायचं.

स्वभाव तापायला लागलाय, वयच आहे. मला पंख एका बाजूनं खाली पाडून तिरका चालून दाखवतो, एकदा पोटरीवर आला. लाथ मारायची नाही आणि मागंही सरायचं नाही, मागं सरलं की तो जिंकला. उचलून काखेत धरून घरभर आपलं काम करत फिरायचं. आईवर कधी येत नाही.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आधीच झालीय, मे मध्ये लासोटाचा थेंब आणि जूनमध्ये आर-टू-बी चं इंजेक्शन. एका कोंबड्यासाठी लस मिळत नाही, कुपी शे-दोनशे डोसची येते आणि फोडली की लगेच संपवायला लागते. पोल्ट्रीवाल्या मित्राच्या लसीकरणादिवशी हा पिशवीत घालून नेला होता. पोल्ट्रीच्या शेडवर जाऊन आलं की चप्पल बाहेर आणि कपडे धुवायला, एवढं पाळतो.

९ नोव्हेंबर, रविवार

मित्रानं एक तलंग (तरणी कोंबडी) देऊ केलीय, फुकट, एकटा किती दिवस ठेवणार म्हणून. आज सगळ्यांनी बसून विषय काढला. भाचीला पाहिजे. मी नको म्हणालो. एका नरामागं आठ-दहा माद्या असतात तेव्हा ते जमतं, एकच दिली तर दिवसभर तिच्यावरच, पाठीची पिसं उपटून उघडी पडते, आणि या घरात तिला लपायला जागा नाही. आठ-दहा ठेवायच्या तर घर त्यांना देऊन आम्ही टेंबलाईच्या माळावर राहायला जायचं. शिवाय बाहेरचा पक्षी आणायचा तर आधी महिनाभर वेगळा ठेवायचा, तो कुठं? आईचं मत विचारलं तर म्हणाली, "माझ्याशी बोलतंय तेवढं पुरं हाय. दुसरीला आणून मला कशाला सवत?"

तलंग येणार नाही. मित्राला कळवलं.

फॅनचं बेअरिंग किरकिर करतंय, पुढच्या रविवारी बदलायचा. तात्यांच्या जावयाला तशीच पेटी पाहिजे म्हणे, कोंबड्यासाठी नाही, जनरेटरसाठी. मापं दिली.